गिरडचे गोटे आणि कोळशातली पाने

वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यात गिरडची टेकडी आहे आणि टेकडीवर शेख फरीद बाबांचा दर्गा. हिंदू-मुसलमान दोघेही तिथे नवस फेडायला येतात. चढताना पायाखाली गोल, लांबट गोटे दिसतात. कुणाला त्यांत नारळ दिसतो, कुणाला सुपारी. त्यांची कथा जुन्या गॅझेटियरांतही नोंदलेली आहे. दोन फिरत्या व्यापाऱ्यांनी फरीद बाबांची टर उडवली, तेव्हा बाबांनी त्यांचा सगळा माल दगड करून टाकला. व्यापाऱ्यांनी पाय धरले, क्षमा मागितली. मग बाबांनी वाळलेल्या पानांपासून त्यांना नवा माल करून दिला. ते पाहून दोघे कायमचे बाबांच्या सेवेत राहिले.

भूविज्ञानाच्या दृष्टीने हे गोटे फळे नव्हेत आणि जीवाश्मही नव्हेत. विदर्भावर लाव्हाचे थर पसरले तेव्हा थंड होणाऱ्या लाव्हात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. पुढे झिरपणाऱ्या पाण्याबरोबर आलेली झिओलाइटसारखी खनिजे त्या पोकळ्यांत साचली. आजूबाजूचा काळा दगड झिजून माती झाला आणि आतले कठीण गोटे मोकळे झाले. बुडबुड्याचा आकार फळासारखा, म्हणून गोटाही फळासारखा. श्रद्धेला यामुळे बाध येण्याचे कारण नाही. पण जीवाश्म गोळा करणाऱ्याने पहिला धडा इथेच घ्यावा. नुसत्या आकारावरून वनस्पती ओळखता येत नाही.

मला मात्र कथेचा दुसरा भाग अधिक विलक्षण वाटतो. वाळलेल्या पानांचा माल झाला, असे ती सांगते. आणि ज्या नदीवरून वर्धा जिल्ह्याला नाव मिळाले, तिच्याच खोऱ्यात खाली वरोरा, माजरी, वणी, घुग्गुस, बल्लारपूर या पट्ट्यात वाळलेल्या पानांचा माल खरोखरच झाला आहे. वॅगन भरभरून तो माल आजही हिंगणघाट आणि सेवाग्राम स्टेशनांवरून जातो. कोळसा म्हणजे दुसरे काय? दलदलीत पडलेली पाने, खोडे, मुळे आणि बीजाणू यांचा दाबला गेलेला ढीग.

भूविज्ञानात या पट्ट्याला ‘वर्धा खोऱ्याचे कोळसाक्षेत्र’ म्हणतात. थियोडोर ह्यूजेस यांचा त्यावरचा सविस्तर अहवाल भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १८७७ मध्ये छापला. त्याच दशकात वरोऱ्याला सरकारी खाण सुरू झाली आणि तो कोळसा बाहेर काढण्यासाठी वर्धा ते वरोरा अशी रेल्वे टाकली गेली. तिचे नावच ‘वर्धा कोल स्टेट रेल्वे’. वरोऱ्याची खाण १९०६ मध्ये बंद पडली. रूळ राहिले आणि पुढे दिल्ली-चेन्नई मुख्य मार्गाचा भाग झाले. खुद्द वर्धा जिल्ह्यात पाहाल तिकडे बेसाल्टचा काळा दगड आणि त्याची काळी माती. कोळशाच्या काळातले वन पाहायचे तर नदीच्या प्रवाहाबरोबर खाली जावे लागते.

तिथे जाण्यापूर्वी डोक्यातले एक चित्र पुसून टाकावे. कोळशाचे जंगल म्हटले की पुस्तकांत हमखास एकच चित्र असते: वाफाळलेली दलदल, खवल्याखवल्यांची सालपटे असलेली ‘लेपिडोडेंड्रॉन’ची उंच झाडे आणि हातभर पंखांचे चतुर. ते चित्र युरोप-अमेरिकेच्या कोळशाचे आहे, सुमारे ३६ ते ३० कोटी वर्षांपूर्वीच्या कार्बोनिफेरस काळातले. आपला कोळसा त्यानंतरच्या पर्मियन काळातला. वर्धा खोऱ्यातले कोळशाचे थर ज्या ‘बराकर’ खडकांत आहेत ते साधारण २८ कोटी वर्षांपूर्वीचे. वणीच्या किंवा माजरीच्या दगडांत खवल्यांची खोडे शोधत बसणाऱ्याच्या हाती निराशाच येईल.

आपले वन उष्ण दलदलीचे नव्हतेच. तेव्हा भारत विषुववृत्ताच्या बराच दक्षिणेला, आफ्रिका, अंटार्क्टिका आणि ऑस्ट्रेलिया यांना चिकटून होता. कोळशाच्या थरांखाली ‘तालचीर’ नावाचे खडक आहेत आणि त्यांत हिमनद्यांनी वाहून आणलेले लहान-मोठे धोंडे आहेत. चंद्रपूर जिल्ह्यात इरई गावाजवळ पैनगंगा चुनखडकाच्या पृष्ठभागावर बर्फाने घासत नेलेल्या दगडांचे ओरखडे आहेत. फ्रान्सिस फेडन यांनी ते १८७० च्या दशकात नोंदवले. ज्या चंद्रपुरात मे महिन्यात घराबाहेर पडवत नाही, तिथल्या जमिनीवर बर्फाची खूण आहे! बर्फ मागे सरला, हवा किंचित उबदार झाली आणि नद्यांच्या काठच्या दलदलींत एका झाडाचे राज्य सुरू झाले. त्याचे नाव ग्लॉसोप्टेरिस. ग्रीक भाषेत या नावाचा अर्थ ‘जीभ-नेचा’. पान जिभेसारखे, म्हणून जीभ. नेचा मात्र चुकून चिकटला, कारण हे झाड बिया धरणारे होते. अडोल्फ ब्रोन्यार्त या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२८ मध्ये नाव दिले तेव्हा बिया कुणी पाहिल्या नव्हत्या. त्याच्या लाकडात वर्षागणिक वाढीची वलये स्पष्ट दिसतात. एकेका थरात पाने एकमेकांवर पसरून चटईसारखी पडलेली सापडतात. एका ऋतूत झाड पूर्ण उघडे होत असावे, असे त्यावरून दिसते.

विदर्भातली ही पाने प्रथम नीट गोळा करणारे होते नागपूरचे दोन स्कॉटिश मिशनरी, स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर या दोघांनी कामठी, सिल्लेवाडा, भरतवाडा, मांगली असे पायी आणि घोड्यावरून फिरून दगड जमवले. मांगलीच्या दगडातली एका उभयचराची कवटी त्यांनी लंडनला पाठवली. रिचर्ड ओवेन यांनी १८५५ मध्ये तिला ‘ब्रॅकिऑप्स’ असे नाव दिले. पाने चार्ल्स बनबरी यांच्याकडे गेली. त्यांनी १८६१ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचे वर्णन छापले आणि एका पानाला हिस्लॉप यांचेच नाव दिले. आज ते पान ‘नोगेराथिऑप्सिस हिस्लोपी’ म्हणून ओळखले जाते.

हिस्लॉप यांची मला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट वेगळी आहे. १८५५ मध्ये त्यांनी एक निबंध लिहिला: छिंदवाड्याकडच्या उमरेठचा कोळसा, नागपूरचे पानांचे दगड आणि बंगालमधल्या बर्दवानचा कोळसा यांचा परस्परसंबंध. शेकडो मैलांच्या अंतरावरचे हे दगड रंगाने वेगळे, पोताने वेगळे. त्यांना जोडणारा धागा होता पानांचा. बर्दवानच्या कोळशाजवळ जी पाने मिळतात त्याच जातकुळीची पाने नागपूरजवळ मिळतात, म्हणजे हे एकाच मोठ्या मालिकेतले खडक. पान ओळखणे हा नुसता छंद नाही, जमिनीखाली काय असू शकेल हे सांगणारी ती विद्या आहे, हे त्यांनी कोळशाच्या बाबतीत इथे दाखवून दिले. त्यांनी पाने वेचलेल्या कामठी-सिल्लेवाड्याच्या परिसरात पुढे कोळशाच्या खाणी झाल्या. ते पाहायला हिस्लॉप नव्हते. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना रात्रीच्या अंधारात बोरीजवळ ओढ्याच्या पुरात बुडून त्यांचा मृत्यू झाला. नागपूरहून वर्ध्याला येताना बुटीबोरीच्या परिसरातून आपण सगळे जातो; तो ओढा तिथलाच.

आता प्रत्यक्ष पाने कशी शोधायची? पहिली सूचना ऐकून नवखे लोक चकित होतात: कोळशात शोधू नका. कोळशात वनस्पती इतकी दाबली आणि बदलली गेली आहे की नुसत्या डोळ्यांना चकचकीत आणि मंद अशा काळ्या पट्ट्यांपलीकडे काही दिसत नाही. पाने असतात कोळशाच्या थराच्या वरच्या आणि मधल्या शेलमध्ये, म्हणजे गाळ दाबला जाऊन झालेल्या पापुद्र्यांच्या दगडात. उघड्या खाणीत कोळशापर्यंत पोहोचण्यासाठी हाच दगड उकरून बाहेर डोंगरासारखा रचतात. खाणीची माणसे त्याला ‘ओबी’ म्हणतात. त्या ओबीच्या ढिगात पाने असतात. पण या ढिगांवर परवानगीशिवाय आणि खाणीतल्या जबाबदार माणसाच्या सोबतीशिवाय पाऊलही टाकू नये. ढीग खचतात, पावसाळ्यात तर हमखास.

शेलचा तुकडा मधोमध हाणून फोडायचा नाही. तो उभा धरायचा, कडेवर थरांच्या रेषा दिसतात त्यांतल्या एकीवर पातळ छन्नी ठेवायची आणि हलकेच ठोकायचे. दगड वहीसारखा उघडतो. पान जिथे पडले होते तिथे थर कच्चा असतो, म्हणून तो नेमका तिथेच सुटतो. सुटल्यावर दोन तुकडे हाती येतात, एकावर पान आणि दुसऱ्यावर त्याचा ठसा. दोन्ही जपावेत. पुष्कळदा शिरा एकावर पुसट आणि दुसऱ्यावर लख्ख असतात. भर दुपारी डोक्यावरच्या उन्हात पाहिले तर दगड कोरा वाटेल. सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात तोच दगड हळूहळू फिरवला की शिरांची सावली पडते आणि पान वर येते. घरी हेच काम टॉर्च आडवा धरून होते. ओला शेल उन्हात टाकू नये, तडकतो. रद्दी कागदात गुंडाळून सावलीत वाळवावा. वर वार्निश मुळीच फासू नये, चकाकीत शिरा हरवतात.

कोळशाजवळच्या बराकर शेलमध्ये काळ्या दगडावर काळे पान असते आणि त्यावर अनेकदा मूळ पानाची कोळसा झालेली पातळ कातडी शिल्लक असते. त्याच्या वरच्या कामठी खडकांत पांढरट, पिवळे, तांबडे दगड आहेत. तिथे कातडी नसते, नुसता ठसा असतो, पण तो इतका रेखीव की भिंगाची गरजही कधी कधी पडत नाही. डोळा तयार करायचा असेल तर सुरुवात कामठीच्या ठशांवरून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

ओळखायचे कसे, यासाठी परदेशी पुस्तक उघडण्याआधी एक पिंपळपान घ्या. लहानपणी वहीत ठेवून आपण त्याची जाळी केलेली असते. मधली ठळक शीर, तिच्या दोन्ही बाजूंना निघालेल्या फांद्या आणि त्यांच्यामध्ये विणलेली जाळी. ग्लॉसोप्टेरिसमध्येही मधली शीर आहे आणि जाळीही आहे. पण पिंपळात मोठ्या शिरा, मधल्या शिरा, बारीक शिरा अशा पायऱ्या असतात. ग्लॉसोप्टेरिसमध्ये त्या नाहीत. मधल्या शिरेतून निघालेल्या सगळ्या बाजूच्या शिरा साधारण एकाच जाडीच्या, कडेकडे वळत जाणाऱ्या आणि वाटेत एकमेकींना मिळून लांबट घरे करणाऱ्या. मासे धरायचे जाळे एका बाजूने ताणले तर त्याची घरे जशी लांबतात, तशी. बाह्याकार आंब्याच्या पानाशी जुळतो म्हणून आंब्याचे पान समजू नये. शिरांची वीण मोजावी. ग्लॉसोप्टेरिसच्या अनेक जाती केवळ या घरांची लांबी-रुंदी, दाटी आणि शिरांचा कोन यांवरून वेगळ्या केल्या आहेत.

जाळी आहे पण मधली शीर स्पष्ट नाही, पानाच्या मध्यातून काही समांतर शिराच वर जाताना दिसतात, असे असेल तर ते गँगॅमोप्टेरिस. ते खालच्या, जुन्या थरांत अधिक आढळते आणि वर येता येता विरळ होते. त्यामुळे ते मिळाले की आपण मालिकेच्या खालच्या अंगाला आहोत का, हा प्रश्न मनात यावा. मधली शीरही नाही आणि जाळीही नाही, शिरा देठाकडून निघून दुभंगत पंख्यासारख्या वर पसरतात, तर ते हिस्लॉप यांच्या नावाचे नोगेराथिऑप्सिस. उभे कंगोरे आणि ठरावीक अंतरावर सांधे असलेली बोरूसारखी खोडे अश्वपुच्छाच्या कुळातली. सप्तपर्णीसारखी, एका पेरावर चक्राकार बसलेली पाचरीच्या आकाराची पाने दिसली तर स्फेनोफायलम.

आणि एक वस्तू अशी आहे जी कुणालाही वनस्पती वाटत नाही. लांब पट्टी, मधून उभी रेघ आणि दोन्ही बाजूंना चौकोनी ठोकळे, माशाच्या कण्यासारखी. म्हणून तिला ‘व्हर्टिब्रेरिया’ म्हटले. ती ग्लॉसोप्टेरिसची मुळे आहेत हे सिद्ध व्हायला विसावे शतक उजाडावे लागले. पान एका नावाने, मूळ दुसऱ्या नावाने, लाकूड तिसऱ्या नावाने, फळ चौथ्या नावाने: हा गोंधळ नाही, प्रामाणिकपणा आहे. दगडात झाड अखंड सापडत नाही. जोवर पान आणि फळ एकमेकांना चिकटलेले मिळत नाहीत, तोवर ती एकाच झाडाची आहेत असे म्हणायचे नाही. दक्षिण आफ्रिकेत एड्ना प्लमस्टेड यांना १९५० च्या दशकात पानांना चिकटलेली फळे मिळाली, मग भारतात के. आर. सुरंगे आणि शैला चंद्र यांनी त्यांची अधिक बारकाईने उकल केली, तेव्हा कुठे ‘जीभ-नेचा’ हा नेचा नव्हे यावर शिक्कामोर्तब झाले. अशा एका फळाचे नाव ‘ऑटोकेरिया’ आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात राहून गोंडवनाच्या वनस्पतींचे ग्रंथ लिहिणाऱ्या ऑटोकार फाइस्टमांटेल यांच्या स्मरणार्थ ते दिलेले आहे. ‘गोंडवन’ हा शब्द खडकांसाठी छापील रूपात त्यांनीच १८७६ मध्ये आणला. गोंडांच्या भूमीचे ते नाव पुढे दक्षिणेकडच्या सगळ्या जोडखंडाला मिळाले. एके काळी गोंड राजांची राजधानी असलेले चंद्रपूर याच कोळशावर उभे आहे.

व्हर्टिब्रेरिया गोळा करताना ती दगडात कशी होती हे आधी लिहून ठेवावे. थरांना छेदून उभी असेल तर झाड तिथेच उभे होते. थरांत आडवी झोपलेली असेल तर नदीने वाहून आणली असण्याची शक्यता अधिक. आपला कोळसा जागच्या वनाचा की वाहून आलेल्या पाल्याचा, हा वाद जुना आहे, आणि त्यातला एकेक पुरावा अशा साध्या नोंदीत असतो. दगड एकदा उचलला की तो पुरावा गेला.

डोळ्यांना न दिसणारेही पुष्कळ असते. पानाची कोळसा झालेली कातडी नायट्रिक आम्ल आणि पोटॅशियम क्लोरेट यांच्या मिश्रणात ठेवून मग अल्कलीत धुतली की तिच्यावरचा मेणचट पापुद्रा सुटतो. सूक्ष्मदर्शकाखाली त्यावर २८ कोटी वर्षांपूर्वीच्या पेशी आणि श्वसनरंध्रे दिसतात. कोळशात आणि शेलमध्ये बीजाणू तर लाखोंनी असतात. बोअरमधून निघालेल्या नळीएवढ्या दगडात अखंड पान मिळणे दुरापास्त, पण बीजाणूंवरून थर ओळखता येतो. लखनौची बिरबल साहनी पुराविज्ञान संस्था वर्धा खोऱ्यातल्या बोअरांवर हे काम करत आली आहे. ही रसायने प्रयोगशाळेतच वापरायची, घरी मुळीच नाही.

आता वर्धा जिल्ह्यात परत येऊ. काळ्या दगडाच्या या जिल्ह्यातही जीवाश्म वनस्पती आहेत, पण त्या दुसऱ्याच वनाच्या. लाव्हाचे लोट एकामागून एक येत होते तेव्हा मधल्या उसंतीत तळी साचत, झाडे वाढत, आणि पुढचा लोट त्यांना झाकून टाकी. या आंतरट्रॅप थरांत लाकडाच्या पेशींमध्ये सिलिका भरून लाकडाची गार झाली. सेलू तालुक्यात बोरच्या जंगलातले नवरगाव आणि मारकसूर ही त्याची नावाजलेली ठिकाणे. शेटे आणि कुलकर्णी या संशोधकांनी १९८० च्या दशकात इथल्या लाकडांचे आणि ताडवर्गीय फळाचे वर्णन प्रसिद्ध केले. हे वन सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे, म्हणजे कोळशाच्या वनाहून वीस कोटींपेक्षा अधिक वर्षांनी तरुण. दोन्ही वने ओळखण्याची रीत मात्र एकच, आतली वीण पाहणे. आडव्या कापावर ठिपकेच ठिपके विखुरलेले असतील तर ताड किंवा माड. वलये आणि केंद्रापासून निघणाऱ्या किरणरेषा असतील तर दुसरे झाड. असले दगड इथे मिळतात म्हणून त्यांना कोळशाच्या काळातले म्हणून दाखवणे ही वर्ध्यात वारंवार होणारी चूक आहे.

शिया चितळे यांचे नाव इथे घ्यायला हवे. नागपुरात राहून त्यांनी आंतरट्रॅप वनस्पतींवर वर्षानुवर्षे काम केले. पुढे त्या अमेरिकेत गेल्या आणि १९८० मध्ये क्लीव्हलँडच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात पुरावनस्पती विभाग उभा केला. तिथे १९९६ मध्ये त्यांनी कॅथलीन पिग यांच्यासह ‘क्लीव्हलँडोडेंड्रॉन’ या सडपातळ, ताठ झाडाचे वर्णन केले. कोळशाच्या युगातल्या त्या खवलेदार वृक्षांच्या गोत्रातले, पण त्यांच्याही आधीचे. ज्या झाडाचा माग विदर्भाच्या दगडांत कधीच लागला नसता, तो विदर्भातून गेलेल्या एका बाईने लावला.

ओळखताना फसवणाऱ्या आणखी एका गोष्टीची आठवण करून द्यायला हवी. चुनखडकाच्या भेगांत आणि अकीकात नेच्याच्या नाजूक फांदीसारखी काळी नक्षी दिसते. बाजारात ती जीवाश्म म्हणून खपते. ती मँगनीजच्या ऑक्साइडची आहे. भिंग लावा: खऱ्या पानात शिरा असतात आणि त्या एका नियमाने निघतात, या नक्षीत शीरच नसते. गिरडच्या गोट्याला फळाचा आकार आहे आणि बियांची जागा नाही, इथेही तसेच.

कधीकधी उलटही घडते. वरोरा तालुक्यातल्या पिसदुऱ्याला डायनोसॉरची अश्मीभूत विष्ठा मिळते. मातकट, ओबडधोबड गोळे, कुणी लाथेने उडवावेत असे. २००५ मध्ये वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातल्या सिलिकेच्या सूक्ष्म कणांवरून दाखवून दिले की त्या प्राण्यांनी गवत खाल्ले होते, आणि तेही निदान पाच प्रकारचे. गवताचा उगम इतका जुना आहे, हे जगाला या गोळ्यांनी सांगितले.

ग्लॉसोप्टेरिसच्या पानांची सर्वांत करुण कथा मात्र आपल्यापासून फार दूर घडली. १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवाहून परतताना रॉबर्ट स्कॉट आणि त्यांचे साथीदार उपासमारीने आणि थंडीने मेले. शोधपथक पोहोचले तेव्हा त्यांच्या सामानात सुमारे सोळा किलो दगड होते. पाय उचलत नव्हते, तरी ते ओझे त्यांनी टाकले नव्हते. त्या दगडांत ग्लॉसोप्टेरिसची पाने निघाली. अंटार्क्टिकावर एकेकाळी तेच वन होते, जे वर्धा खोऱ्यात होते. ते दगड अभ्यासाच्या कामी आले, कारण ते कुठून उचलले हे त्यांच्या वहीत लिहिलेले होते.

माझ्याकडच्या एका खोक्यात सात पाने आहेत. एका ओळखीच्याने खूप वर्षांपूर्वी आणून दिलेली, शिरा मोजता येतील अशी. कुठल्या खाणीतली, कुठल्या थरातली, हे त्याने लिहिले नाही आणि मीही विचारले नाही. तो आता नाही. पाने सुंदर आहेत आणि अभ्यासाला जवळजवळ निरुपयोगी. ही हळहळ मला दर वेळी खोका उघडला की होते.

म्हणून वाचकांना एवढेच सांगणे आहे. बोर हे व्याघ्रप्रकल्पाचे क्षेत्र आहे. तिथला दगड पाहावा, फोटो काढावा, जागच्या जागी ठेवावा. खाणीत परवानगीनेच जावे. शेतात, विहिरीच्या मुरुमात, रस्त्याच्या गिट्टीत काही वेगळे दिसले तर उचलण्याआधी शेजारी पेन ठेवून फोटो घ्यावा. मग चिठ्ठीवर गाव, शिवार, तारीख, किती खोल, कुठल्या रंगाच्या दगडात, उभे की आडवे, आणि आपले नाव लिहून ती दगडाबरोबरच बांधावी. जवळच्या महाविद्यालयाच्या भूविज्ञान किंवा वनस्पतिशास्त्र विभागात किंवा नागपूरला सेमिनरी हिल्सवरच्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयात दाखवावे. चिठ्ठी मात्र त्याच दिवशी लिहावी, घरी पोहोचायच्या आत.